खाणीबाहेरचे रामकिसनभाऊ

आमच्या ऑफिसात वाळवी लागते ती फायलींना. किश्श्यांना ती लागत नाही, त्यामुळे फायली कमी होत जातात आणि किस्से वाढत जातात. कुणी पाहुणा आला, चहा आला, की ढोकणे सर खुर्चीत मागे रेलून म्हणतात, "मॅडम, तो डब्यांचा सांगा." डब्यांचा सांगितला की होमाचा आठवतो, होमाचा सांगितला की शाळेचा. पाहुणा ज्या कामासाठी आलेला असतो ते विसरून हसत हसत घरी जातो. आता तुम्ही आलाच आहात, तर एका बैठकीत सगळे सांगून टाकते.

आधी ऑफिस कसलं, ते ऐका. मंगरूळपीरला बसस्टँडच्या मागे, सायकलच्या दुकानावर आमच्या संस्थेच्या दोन खोल्या आहेत. आपल्या वाशिम जिल्ह्यातली बरीच माणसं वर्षानुवर्षं चंद्रपूरकडच्या कोळसा खाणींत, ठेकेदाराच्या हाताखाली कामाला होती. जमिनीखालच्या काही खाणी बंद झाल्या आणि ही माणसं गाठोडी घेऊन गावाला परत आली. शेती असली तर एवढीशी, तीही भावानं कसलेली. अशांना इथंच कुठंतरी कामाला लावायचं, हे आमचं काम. ढोकणे सर प्रमुख. ते आयटीआयमधून रिटायर झालेले, पोटानं आणि मनानं मोठे. आणि मी, म्हणजे बाकी सगळं.

ऑफिस उघडलं त्याच आठवड्यात किन्हीराजाहून कमलबाई आल्या. खाणीतून परत आला होता नवरा, पण आमच्याकडे आल्या त्या. मी खुर्ची दिली, तर त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्याच राहिल्या.

"मॅडम, आमच्या यायले इथंच कुठं तरी चिटकवा," त्या म्हणाल्या. "त्या ठेकेदाराचा मुकादम फोनवर फोन करून राह्यला. तिकडे छत्तीसगडात नवी खाण सुरू झाली म्हंते, या म्हंते. अन् हे म्हंतात, दिवाळीपर्यंत इथं काम जमलं तं ठीक, नाई तं चाललो."

"आणि तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मले काय वाटाचं हाय? पोरगी झाली तवा हे खाणीत. तिले दात आले तवा खाणीत. तिच्या लग्नात दोन दिवसासाठी आले, तं व्याह्यानं मले इचारलं, हे पाव्हणे कोण? आता मले माह्या नवऱ्यासंगं भांडाचं हाय, मॅडम. समोरासमोर. फोनवर भांडाले मजा येत नाई."

सरांनी टेबलावर थाप मारली आणि म्हणाले, "या बाईचं काम झालंच पाहिजे." मलाही कमलबाई एकदम आवडल्या. तेव्हा उन्हाळा नुकताच लागला होता. दिवाळी लांब होती आणि आम्ही नवे होतो, त्यामुळे आम्हाला हे काम सोपं वाटलं.

*

परत आलेल्या सगळ्यांना पहिल्या मीटिंगला बोलावलं. माणसं वेळेवर आली, पण जिन्यावरच थांबली. आत कुणी येईना. मी बाहेर डोकावले तर सगळे एका उंच, वाळक्या माणसाकडे बघत उभे. ते रामकिसनभाऊ, कमलबाईंचे यजमान. त्यांच्या हातात आमचा जाळी काढायचा लांब दांड्याचा झाडू होता, उलटा धरलेला.

खाणीत कामाला लागण्याआधी छत ठोकून बघतात. भरीव आवाज आला तर पुढे जायचं, पोकळ आला तर सैल झालेला दगड आधी पाडून घ्यायचा. खाली हे काम रामकिसनभाऊंचं. त्यामुळे ते ठोकून बघत नाहीत तोवर बाकीचे छताखाली पाय ठेवत नव्हते.

"अहो, हे ऑफिस आहे," सर म्हणाले.

"हो जी," असं म्हणून भाऊंनी ठोकायला सुरुवात केली. फिरत फिरत ते सरांच्या खुर्चीपाशी आले. तिथं बरोबर वर घरमालकानं हौसेनं प्लास्टरचं मोठं फूल केलं होतं. तिथला आवाज पोकळ आला. भाऊंनी सरांचा दंड धरून त्यांना बाजूला केलं, दांडा एकदा सणसणीत मारला, आणि ते फूल सरांच्या खुर्चीत येऊन बसलं.

"तुम्ही ठोकलं म्हणून पडलं ते!" सर ओरडले.

"कवा ना कवा पडलंच असतं, साहेब," भाऊ शांतपणे म्हणाले. "त्याच्या वेळेनं पडण्यापरीस आपल्या वेळेनं पाडलेलं बरं."

मग त्यांनी जिन्याकडे बघून मान हलवली, आणि सगळे आत येऊन ओळीत बसले. सर मीटिंगभर उभे होते. संध्याकाळी घरमालक येऊन जे बोलला, ते तुमच्यासमोर सांगता येणार नाही.

*

सरांना वाटायचं, या माणसांना मुलाखत द्यायला शिकवलं की निम्मं काम झालं. म्हणून ते स्वतः साहेब व्हायचे आणि एकेकाला समोर बसवून प्रश्न विचारायचे. कुठल्याशा मोठ्या कंपनीत विचारतात तसले प्रश्न. त्या दिवशी समोर मुश्ताकभाई होते. ते मंगरूळपीरचेच, खाणीत ड्रिल मशीनवर काम केलेले.

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?" सरांनी गंभीर आवाजात विचारलं.

मुश्ताकभाईंनी बराच विचार केला. मग त्या मशीनवर कमावलेल्या आवाजात, खाली सायकलच्या दुकानातल्या माणसालाही ऐकू जाईल असं म्हणाले, "जमिनीच्या वर, साहेब."

सरांनी त्यांना पैकीच्या पैकी मार्क दिले. नंतर तो प्रश्न त्यांनी कुणालाच विचारला नाही.

*

आता डब्यांचा. ट्रेनिंगच्या दिवशी सगळे घरून डबा आणायचे आणि आम्ही दुपारी एकत्र जेवायचो. खाणीत उंदीर फार. डबा खाली ठेवला की गेलाच, म्हणून तिथं तारेनं उंच टांगून ठेवायची सवय. रामकिसनभाऊंनी पहिल्या दिवशी आमच्या ऑफिसातही टांगायला जागा शोधली. भिंतीला खिळा नव्हता, कारण घरमालक खिळा मारू देत नव्हता. आणि त्या फुलानंतर तर त्याला काही विचारायची सोयच नव्हती.

मी शेजारच्या खोलीत फोनवर होते. भाऊंनी सगळ्यांचे डबे गोळा केले आणि छताच्या पंख्याला, एकेका पात्याला दोन-दोन, व्यवस्थित तारेनं बांधले. माझाही डबा घेतला. बांधून झाल्यावर खाली उभं राहून त्यांनी वजन सारखं आहे ना, तेही पाहिलं म्हणे.

तेवढ्यात सर बाहेरून आले. एप्रिलचं ऊन, जिना चढलेले, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. आत पाऊल टाकता टाकता त्यांनी सवयीनं बटण दाबलं.

पहिल्या दोन फेऱ्या डबे छान फिरले. मुश्ताकभाई म्हणतात, दिसायलाही बरं दिसत होतं. तिसऱ्या फेरीला झाकणं सुटली. मी आवाज ऐकून धावत आले, तर भिंतीवर वरण, खिडकीवर वांग्याची भाजी, आणि सगळी मंडळी सतरंजीवर पालथी पडलेली, डोक्यावर हात घेऊन. स्फोटाच्या वेळी खाणीत तसंच पडतात. उभे होते ते एकटे सर. त्यांचा हात अजून बटणावर होता.

सरांनी मिशीवरून बोट फिरवलं, ते चाटलं, आणि म्हणाले, "पिठलं कुणाच्या घरचं आहे? फार चांगलं झालंय."

ते कमलबाईंचं होतं. तेव्हापासून ट्रेनिंगच्या दिवशी सरांसाठी किन्हीराजाहून वेगळा डबा येऊ लागला. तो मात्र टेबलावर ठेवायचा, असा सरांचा हुकूम होता.

*

रामकिसनभाऊंची पहिली नोकरी आपल्या वाशिमकडच्याच मालेगावच्या एका मंगल कार्यालयात लागली. गेटवर उभं राहायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे लक्ष ठेवायचं. लग्नसराई होती, त्यामुळे मालक खूश आणि आम्हीही खूश. कमलबाईंनी तर पेढे पाठवले.

आता खाणीत गेटवर उभा असणारा माणूस करतो काय? आत जाणाऱ्या प्रत्येकाचे खिसे चाचपतो. बिडी, काडेपेटी, लायटर, काहीही आत न्यायचं नाही. कोळशाच्या खाणीत वायू असतो, एक काडी पेटली की सगळे संपले. भाऊंना कुणी वेगळं काही सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांनी जे माहीत होतं ते केलं. शेजारी पाण्याची बादली ठेवली आणि वऱ्हाडाचे खिसे चाचपायला सुरुवात केली.

लोकांना वाटलं, काहीतरी नवीन पद्धत असेल. गुलाबपाणी, अत्तर, मग खिसे. वराचे काका, वधूचे मामा, बँडवाले, फोटोग्राफर, कुणी सुटलं नाही. सगळ्या काडेपेट्या बादलीत. वराचे वडील थोडे घुटमळले, तर भाऊ त्यांना म्हणाले, "आत तुमचीच माणसं हायेत ना जी?" त्यांनी मुकाट्यानं लायटर काढून दिला.

लग्न लागलं. होमाची वेळ आली. गुरुजींनी समिधा रचल्या, तूप घातलं आणि हात पुढे केला. "काडेपेटी."

त्या भरल्या कार्यालयात एक कोरडी काडी नव्हती. कुणीतरी मागच्या बाजूला आचाऱ्याकडे धावलं आणि पळीत निखारा घेऊन आलं. दारात रामकिसनभाऊ आडवे उभे.

"इस्तव आत नाई न्यायचा," ते म्हणाले.

"अहो, होम आहे. नवरा-नवरी थांबलेत," गुरुजी आतून ओरडले.

"मंग त्यायले बाहेर आणा."

अर्धा तास वाद झाला. शेवटी पंगतीची घाई, गुरुजींची दुसऱ्या लग्नाची घाई, आणि भाऊ काही हलेनात. होम पार्किंगमध्ये लागला. नवरा-नवरी एका बाजूला जीप आणि दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टर, यांच्या मधून सात पावलं चालली.

मालकानं त्याच संध्याकाळी भाऊंना काढून टाकलं. मला फोन करून तो एवढा बोलला की मी फोन सरांच्या हातात दिला. पुढच्याच महिन्यात त्याच मालकाचा पुन्हा फोन आला, जरा नरम आवाजात. त्या नवरीच्या आईनं सगळीकडे सांगितलं होतं की पोरीच्या लग्नात डोळ्यांत धूर गेला नाही. आता दोन पार्ट्या होम बाहेरच पाहिजे म्हणून अडून बसल्या होत्या. तुमच्या त्या माणसानं तो नेमका कुठं मांडला होता, एवढं सांगता का?

*

मुश्ताकभाईंचं त्यामानानं लवकर जमलं, पण सरळ नाही. त्यांच्या मेहुण्याचं मंगरूळपीरच्या बाजारात साड्यांचं दुकान. घरचाच माणूस म्हणून मेहुण्यानं त्यांना गादीवर बसवलं. साड्यांच्या दुकानात एक रीत असते. गिऱ्हाईक उठायला लागलं की दुकानदार जवळ सरकून हळूच म्हणतो, ताई, फक्त तुमच्यासाठी एवढ्याला लावतो, कुणाला सांगू नका.

ड्रिल मशीनजवळ आयुष्य काढलेल्या माणसाला हळूच बोलणं कुठून येणार? मेहुण्यानं एका बाईंना हळूच भाव सांगितला आणि मुश्ताकभाईंना साडी बांधायला सांगितली. मुश्ताकभाईंनी बिचाऱ्यांनी खात्री करून घेतली. "हे ताईसाठीच कमी केले ना? बाकीच्यायले जादाच सांगायचे ना?"

दुकानातल्या बायका थांबल्या. समोरच्या बांगड्यांच्या दुकानातल्या आल्या. बसची वाट बघत उभ्या होत्या, त्याही आल्या. सगळ्यांना तोच भाव पाहिजे. संध्याकाळपर्यंत मेहुण्याची कपाटं रिकामी झाली आणि मेहुणा डोकं धरून बसला.

"मुश्ताकभाई, तुम्ही मेरे बडे भाई जैसे," तो म्हणाला. "पण घरीच चहा प्यायले येत जा."

सरांना तो आवाज वाया घालवणं पटेना. त्यांनी रिसोडच्या बाजारात एका अडत्याशी बोलून ठेवलं, आणि सोयाबीन यायला लागलं तसे मुश्ताकभाई तिथं लिलावाची बोली पुकारायला उभे राहिले. आजही तेच करतात. शेतकरी सांगतात, आधी भाव ऐकायला ढिगापाशी उभं राहावं लागायचं, आता रस्त्यापलीकडच्या हॉटेलात आलुबोंडा खाता खाता ऐकू येतो.

*

मधल्या काळात रामकिसनभाऊंना एका शाळेत शिपायाचं काम मिळालं. तिथला शिपाई आजारी होता, तो येईपर्यंतच. काम मुख्यतः घंटेचं. खाणीत घंटा म्हणजे हुकूम असतो. एक टोला पडला की चालू असलेलं सगळं जागच्या जागी थांबायचं, कारण पुढे काय झालंय ते माहीत नसतं. भाऊंनी शाळेतल्या पोट्ट्यांना हे सांगितलं आणि पोट्ट्यांना ते भयंकर आवडलं. मधल्या सुट्टीत भाऊ मुद्दाम एक टोला द्यायचे, आणि मैदानावरचं पोट्टं न् पोट्टं जिथं असेल तिथं थिजायचं. एक पाय वर असला तर वरच. मग दोन टोले, की पुन्हा आरडाओरडा. हळूहळू शिक्षकही त्यात सामील झाले.

मुख्याध्यापकांना यातलं काही माहीत नव्हतं. ते आपल्या खोलीत असायचे. एके दिवशी तपासणीला साहेब येणार असं कळलं, तेव्हा त्यांनी भाऊंना बोलावून सांगितलं, "गाडी दिसली की हळूच एक टोला द्या. म्हणजे आम्ही सावध होऊ."

साहेब आले. भाऊंनी एक टोला दिला.

साहेबांनी फाटकातून पाहिलं, तर अख्खी शाळा पुतळ्यासारखी. खिचडीचा घास तोंडापाशी नेलेली मुलं. झाडावर चढता चढता थांबलेली मुलं. गणिताच्या बाई फळ्यावर खडू टेकवून. इतिहासाचे सर कोपऱ्यात, मोबाइल डोळ्यांसमोर धरलेला, तो लपवायचीही सोय नाही. साहेब सगळीकडे फिरले. एका मुलाच्या नाकावर माशी बसली होती, ती त्यांनी स्वतः उडवली.

"हा काय प्रकार आहे?" त्यांनी बाहेर आलेल्या मुख्याध्यापकांना विचारलं.

मुख्याध्यापक मुरलेले. त्यांनी एकदा शाळेकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे पाहिलं आणि म्हणाले, "आपल्या स्वागतासाठी, सर."

शेरा उत्तम मिळाला. पण जुना शिपाई बरा होऊन परत आला आणि भाऊंची घंटा गेली. निरोपाच्या दिवशी मुलांनी त्यांना फाटकातून बाहेर जाऊ दिलं नाही. भाऊंनी मग एक टोला दिला, मुलं थिजली, आणि ते डोळे पुसत बाहेर पडले. दोन टोले द्यायचे राहून गेले. मुख्याध्यापकांना बाहेर येऊन ते द्यावे लागले.

*

गणपती उठले तेव्हा भाऊ घरी बसलेले. अधूनमधून कुणाच्या शेतात जायचे, तेवढंच. एकदा ऑफिसात आले आणि म्हणाले, "मॅडम, मी वरच्या कामात बसत नाई. माहं सगळं खालचंच हाय." मला फार वाईट वाटलं. मी चहा मागवला. त्याच आठवड्यात त्यांनी मुकादमाला शब्द देऊन टाकला. दिवाळी झाली की निघतो.

कमलबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी आमच्याकडे तक्रार केली नाही. त्या मालेगावच्या वाटेवरच्या एका दाल मिलमध्ये तूर निवडायला जायच्या. सरळ शेठसमोर उभ्या राहिल्या आणि नवऱ्याला गेटवर लावून आल्या. जे आम्हाला जमलं नाही ते त्यांनी एका दुपारी केलं. सर म्हणाले, आपण ऑफिस बंद करून यांनाच नेमावं.

मिलमध्ये भाऊ बसले, अगदी फिट बसले. तिथं ना होम होता, ना घंटा. फक्त एक गोष्ट झाली. सहाला सुटी व्हायची. खाणीची रीत अशी की तोंडावर उभा असलेला माणूस, खाली गेलेला शेवटचा माणूस वर येईपर्यंत जागा सोडत नाही. कितीही उशीर होवो, कुणीही बोलावो. आणि त्यानं आत शोधायलाही जायचं नाही, तोंड सोडायचंच नाही. भाऊ तसे गेटवर उभे राहायचे. शेठला आधी कौतुक वाटलं. मग त्यांच्या लक्षात आलं की आता बायकांना "जरा एवढं पोतं संपवून जा" असं म्हणता येत नाही. म्हटलं की गेटवरून भाऊ विचारायचे, "शेठ, आत कोणी अटकलं काय?" दर पाच मिनिटांनी विचारायचे. शेठ कंटाळले आणि बायका सहाच्या ठोक्याला घरी जाऊ लागल्या. नवरात्रात बायकांनी मिळून भाऊंना टॉवेल-टोपी केली. भाऊ लाजून गेटच्या मागे लपले होते.

"मग आता राहा ना इथंच," मी त्यांना म्हटलं.

"मन तं लय होते, मॅडम," ते म्हणाले. "पण त्यायनं माह्यासाठी जागा धरून ठेवली. शब्द देल्ला, तो कसा मोडू?"

मी कमलबाईंकडे गेले. म्हटलं, आता त्या चांगल्या भांडतील. तर त्या चिवडा भाजत होत्या. "जाऊ द्या त्यायले," म्हणाल्या. "पिशवी मी भरून देतो." मला खरं तर त्यांचा रागच आला. एवढ्यात हरली ही बाई, असं वाटलं.

दिवाळी झाली. ठरल्या दिवशी मुकादमाची जीप संध्याकाळी थेट मिलच्या गेटवर आली. मागे आणखी तीन माणसं बसलेली, अकोल्याहून गाडी पकडायची होती. सर आणि मी निरोपाला गेलो होतो. कमलबाईंनी दुपारीच येऊन भाऊंची फुगलेली पिशवी गेटवर ठेवली होती. जीप आल्यावर बाहेर येऊन ती स्वतः मागच्या सीटखाली नीट सरकवली, "सांभाळून न्या बरं," असं मुकादमाला सांगितलं, आणि राहिलेली तूर निवडायला पुन्हा आत गेल्या.

सहा वाजले. बायका बाहेर यायला लागल्या. एकेक थांबायची, भाऊंना नमस्कार करायची, दोघी-तिघी रडल्या. भाऊ प्रत्येकीला मान हलवत होते. मग बायका संपल्या.

मुकादमानं हॉर्न दिला. "चला, रामकिसनभाऊ."

"एक जण हाय आत," भाऊ म्हणाले.

"कोण?"

"घरचीच हाय. येतेच."

ती काही येईना. मुकादम घड्याळ बघायला लागला. जीपमधली माणसं कुरकुरायला लागली. शेठ किल्ल्या घेऊन बाहेर आले, परत आत गेले, आणि आतून त्यांचा आवाज यायला लागला. त्या मिलच्या इतिहासात शेठ पहिल्यांदाच एका बाईला घरी जा म्हणून विनवत होते.

"अहो, तुम्ही बसा जीपमध्ये, ती येईल मागून," मुकादम म्हणाला.

"माणूस आत असल्यावर मी कसा हालू?" भाऊ म्हणाले. मुकादम स्वतः खाणीतला. ही रीत त्यालाही माहीत होती. भाऊ माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमी पाहा बरं. तिले बरं नाई काय?"

मी आत गेले. कमलबाई एका पोत्यावर आरामात बसल्या होत्या. समोर निवडायला तूर नव्हती. वेणी सोडून त्या केस विंचरत होत्या. शेठ बाजूला हताश उभे.

"कमलबाई, बरं वाटत नाही का?"

"एकदम झ्याक हाय, मॅडम," त्या म्हणाल्या. "बसा न थोडं."

मी बसले. त्यांनी सावकाश भांग पाडला, वेणी घातली, ती आवडली नाही म्हणून सोडली, पुन्हा घातली. बाहेर मुकादम चिडून काहीतरी बोलला. जीपची दारं आपटली. इंजिन सुरू झालं आणि आवाज अकोल्याच्या दिशेनं लांब लांब गेला.

कमलबाई उठल्या. पदरावरची तुरीची धूळ झटकली आणि माझ्यासोबत बाहेर आल्या. गेटवर रामकिसनभाऊ तसेच उभे. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मान हलवली आणि गेट ओढून घेतलं. मग एकदम काहीतरी आठवून ते रस्त्याकडे बघायला लागले.

"अवं, माही पिशवी गेली ना जीपमंदी. सगळे कपडे गेले."

"कपडे कायले जातीन?" कमलबाई म्हणाल्या. "कपडे तं घरी दोरीवर हायेत. पिशवीत निस्ता चिवडा हाय, त्या जीपीतल्या लोकायसाठी. लांबचा परवास हाय त्यायचा."